रविवारचा पेशंट

आमच्या साडूंनी या जगातल्या कुठल्याही गोष्टीवर पहिल्या भेटीत विश्वास ठेवलेला नाही. त्यात हवामानाचा अंदाज, देवगडच्या नावाने विकली जाणारी आंब्याची पेटी, बँकेतून येणारे गोड आवाजाचे फोन, समस्त डॉक्टर आणि मी, असे सगळे आलो. सांगवीतल्या त्यांच्या घराला तीन कुलपं आहेत; पहिली दोन नीट लागलीत का यावर नजर ठेवायला तिसरं आहे, असं माझी बायको म्हणते. ते मूळ सांगवीचेच. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, पण साडूंची बोली जागची हलली नाही आणि संशयही नाही. समोर काहीही आलं की ते मान जराशी डावीकडे कलवतात, एक डोळा बारीक करतात आणि म्हणतात, "ह्यात कायतरी हाय." कलिंगडात काहीतरी असतं, फुकट मिळालेल्या कॅलेंडरात काहीतरी असतं, आणि शेजाऱ्याने हसून केलेल्या नमस्कारात तर असतंच असतं. "काल न्हाई हसला, आज का हसला?" यावर त्यांनी एकदा अख्खी सकाळ घालवली. दुपारी शेजारी शिडी मागायला आला, तेव्हा साडूंना जो आनंद झाला तो मी त्यांच्या चेहऱ्यावर दिवाळीतही पाहिलेला नाही. शिडी त्यांनी आनंदाने दिली. संशय खरा ठरला की ते फार उदार होतात.

माझी त्यांची ओळखच चौकशीतून झाली. माझं लग्न ठरत होतं, मुलगी पसंत, मुलगा पसंत, सुपारी फुटायची तेवढी बाकी, आणि थोरले जावई म्हणून हे माझी माहिती काढायला निघाले. इतर लोक पगार विचारतात, व्यसन विचारतात. यांनी तळवड्याला आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये जाऊन वाढप्याला विचारलं, "जेवताना सोताच्या ताटाकडं बघतो का दुसऱ्याच्या?" वाढप्याने माझी बाजू घ्यायची म्हणून सांगितलं, की साहेब, हा माणूस कायम खाली मान घालून जेवतो. साडूंना तेच खटकलं. "खाली मान? कशापायी? काय केलंय त्यानं?"

आता यात माझंही थोडं सांगायला हवं. मी काहीही केलेलं नसतं, पण माझा चेहरा केल्यासारखा असतो. शाळेत कुणाचं पेन हरवलं की माझे कान लाल व्हायचे. आजही दुकानातून काही न घेता बाहेर पडताना मी दोन्ही हात मोकळे दिसतील असे धरतो. अशा माणसाला असे साडू मिळणं हा नशिबाचाच खेळ. त्यांनी नुसतं "काय पाव्हणं, काय चाललंय?" म्हटलं, तरी मला जे चाललेलं नाही तेही कबूल करावंसं वाटतं.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीत ते बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात होते. म्हणजे संशय घ्यायचा आणि त्याचा पगारही घ्यायचा. माझ्या दुर्दैवाने आमच्या कारखान्यातले लोखंडी बुश, म्हणजे यंत्राच्या सांध्यात बसवायच्या कड्या, त्यांच्याच कंपनीला जायचे. आमचे मालक मला म्हणायचे, "साडू ना तुमचे ते? जरा सांगून बघा." मी सांगितलं नाही, पण सांगायला हवं होतं का म्हणून झुरत राहिलो, आणि साडूंनी मात्र मी सांगणार असं गृहीत धरून आमचा माल इतरांपेक्षा जास्त तपासला. "नात्यातला माल डबल बघावा लागतोय," हे त्यांचं तत्त्व. एकदा ते कंपनीतर्फे आमचा कारखाना बघायला आले. मालकांनी चहाबरोबर बशीत काजू ठेवले. साडूंनी काजूंकडे पाहिलं, मान कलवली, आणि त्या आठवड्यात आमचा सगळा लॉट परत आला. पुन्हा मोजमापं झाली, माल एकदम चोख निघाला, त्यांच्याच साहेबांनी तसं सांगितलं. साडू अजूनही मानायला तयार नाहीत. "माल चांगला हुता, तर काजू कशाला?" तेव्हापासून आमचे मालक पाहुण्यांना नुसता चहा देतात.

त्यांना एकच मुलगी, ऋतुजा. तिच्यावर त्यांचा संशय नव्हता; तिच्यापर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर होता. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत तिला चांगले मार्क पडले तेव्हा आक्का, म्हणजे तिची आई आणि माझी मेव्हणी, पेढे आणायला निघाली. साडूंनी तिला दारात अडवलं. "थांब. कुनाचं तरी आपल्याला आलं आसंल. गाजावाजा केला तर परत घेत्याल." प्रवेश पक्का होऊन पोरगी मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायला गेली, तेव्हा कुठे सांगवीत पेढे वाटले गेले, तेही गपचूप. पहिल्या सुट्टीत ती घरी आली आणि शरीररचना शिकायला समोर प्रेत असतं हे मोठ्या धिटाईने सांगू लागली. साडू शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मेलाय कशावरनं?"

"अप्पा, प्रेत आहे ते!"

"ते त्यांनी सांगितलं. तू सोता बघितलं का?"

ती हसत सुटली. पण पुढे इंटर्नशिपला असताना तिने मला सांगितलं होतं, "काका, वॉर्डात कुणी 'हा पेशंट ठीक आहे' म्हणून सोपवला ना, की मला अप्पांचा आवाज ऐकू येतो. मी परत नाडी बघते."

इंग्लंडला जाऊन डॉक्टरकी करायची हे तिच्या मनात आलं त्याला मी जबाबदार आहे, असं साडूंचं मत आहे. तसं काही नाही. तिने विचारलं, "काका, जावं का?" आणि मी म्हणालो, "बघ बाई." एवढंच. पण माझ्या 'बघ बाई'मध्ये काहीतरी होतं, असं त्यांना वाटतं, आणि ते इतक्या खात्रीने म्हणतात की आता मलाही वाटतं. तिथे काम करायचं तर आधी इंग्रजीची परीक्षा, मग एक लेखी परीक्षा, ती इथे देता येते, आणि मग एक प्रत्यक्ष परीक्षा, ती मँचेस्टरला जाऊन द्यायची. इंग्रजीच्या परीक्षेत तोंडी प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, सुट्टीत काय करायला आवडतं? साडू म्हणाले, "तिला काय करायचंय? घर कधी मोकळं आसतंय ते बघत आसंल." लेखी परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली तेव्हा म्हणाले, "त्यांना डॉक्टर कमी हायेत म्हनून पास करत्यात. पन मला येक सांगा पाव्हणं, त्यांचे सोताचे डॉक्टर कुटं गेले? ते का पळाले?"

मात्र तिसऱ्या परीक्षेचं ऐकलं आणि साडूंमध्ये जो बदल झाला तो बघण्यासारखा होता. ऋतुजा सांगत होती, की एकामागून एक खोल्या असतात, प्रत्येक खोलीत एक पेशंट, घंटा वाजेपर्यंत त्याच्याशी बोलायचं, तपासायचं, आणि ते पेशंट खरे नसतात. नट असतात. आजार शिकवून बसवलेले असतात.

"खोटा पेशंट?"

"हो."

"खोटं दुखनं?"

"हो अप्पा. आणि एक परीक्षक कोपऱ्यात बसून बघतो, डॉक्टर कसा बोलतो ते."

साडूंनी मान कलवली नाही. डोळा बारीक केला नाही. उलट ते खुर्चीत सरळ बसले. "आमच्यात बी आसंच," ते म्हणाले. "चांगल्या मालात मुद्दाम खराब पीस सोडायचा. तपासनारा जागा हाय का झोपलाय ते कळतंय." आयुष्यभर ज्यांची वाट पाहिली असे आपल्यासारखे लोक त्यांना सातासमुद्रापलीकडे सापडले होते. डॉक्टरवर सुद्धा पाळत ठेवणारा देश! "लोक हुशार हायेत," ते म्हणाले. माझ्या आठवणीत हा शब्द त्यांनी आणखी कुणासाठी वापरलेला नाही.

आणि मग ते स्वतःच पेशंट झाले. दर रविवारी सकाळी, सांगवीच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. ऋतुजाबरोबर तिची मैत्रीण सानिया यायची. सानियाच्या वडलांचं कासारवाडीला गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे, आणि तिचीही हीच परीक्षा व्हायची होती. घंटा म्हणून माझ्या हातात स्टीलचं ताट आणि चमचा. देव्हाऱ्यातली घंटी आक्काने द्यायला साफ नकार दिला होता. मुली आधी इंग्रजीत म्हणायच्या आणि मग साडूंसाठी तेच मराठीत.

"नमस्कार, मी डॉक्टर ऋतुजा. तुमचं नाव आणि वय सांगाल का?"

"कशापायी?"

"तपासायच्या आधी विचारावं लागतं."

"भाईरच्या बाईनं मगाशीच इचारलं. तुमचं तुमच्यात बोलनं न्हाई का?"

अर्धा वेळ नाव काढून घेण्यात जायचा. दुखतं कुठे विचारलं तर म्हणायचे, "तूच सांग, डॉक्टर तू हायेस." खोकल्याचा पेशंट झाले तेव्हा तिने तंबाखू विचारली, विडी-सिगारेट विचारली, दारूसुद्धा विचारली. सगळ्याला नाही. मी ताट वाजवल्यावर विजयी चेहऱ्याने म्हणाले, "मिश्री इचारली न्हाईस!" ऋतुजा रडकुंडीला आली. "अप्पा, इंग्लंडमध्ये कुणी मिश्री लावत नाही!" साडू म्हणाले, "तू बघितलं का?" सानियाला तर पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू डॉक्टर? लई ल्हान दिसतीस. मोठ्या डॉक्टरला बोलव." पोरीचा चेहरा पडला, पण ती कासारवाडीच्या दुकानात गिऱ्हाइकांत वाढलेली. म्हणाली, "मोठ्यांनीच पाठवलंय काका. म्हणाले, अवघड पेशंट आहे, तूच जा." साडू पेशंटपण विसरून खो खो हसले. त्या दिवसापासून सानियाला आक्काच्या हातची वडी पार्सल मिळू लागली.

वाईट बातमी कशी सांगायची, हीही एक खोली असते म्हणे. ऋतुजाने त्याचे नियम समजावले होते: खुर्ची जवळ घ्यायची, फोन बंद करायचा, सोबत कुणी हवंय का विचारायचं, पेशंटला आतापर्यंत काय ठाऊक आहे ते आधी त्याच्याकडूनच ऐकायचं, मग साध्या शब्दांत सांगायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसण्याला मार्क असतात. "गप बसायचं मार्क?" साडू माझ्याकडे बघत म्हणाले. "मग आमचं पाव्हणं पयले येत्याल."

ऋतुजा मँचेस्टरला जाऊन आली. पास झाली. साडू म्हणाले, "बरं," आणि पुढचे काही दिवस त्यांनी तिला, नोकरी लागायला किती वेळ लागतो, हे एकदाही विचारलं नाही. न विचारणारे साडू मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला काळजी वाटायला लागली.

मग एका संध्याकाळी शिफ्ट सुटायच्या वेळेला ऋतुजा तळवड्याला आमच्या कारखान्याच्या गेटवर उभी. समोरच्या टपरीवर चहा घेतला. तिने सरळच सांगितलं. "काका, मला तिकडे नोकरी मिळाली. पुढच्या महिन्यात जायचंय."

"अप्पांना सांगितलंस?"

"नाही. तुम्ही सांगाल?"

मी 'हो' म्हणालो नाही आणि 'नाही'ही म्हणालो नाही. मी म्हणालो, "अगं, ते भांडतील."

"ते भांडले तर मीही भांडेन, त्याची सवय आहे मला." ती कपाकडे बघत म्हणाली. "पण ते नुसतं 'जा' म्हणाले तर? मग काय करू?"

त्यानंतरचा आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. साडूंचा फोन आला की मी पहिल्या रिंगला दचकायचो. बायकोला सांगितलं नाही, कारण ती आक्काला सांगणार. कधी वाटायचं, मुलगी आधी बापाला सांगत नाही, मला सांगते, म्हणजे मी त्यांच्या घरातलं काहीतरी चोरलंय. कधी वाटायचं, त्यांना कळलेलंच आहे आणि ते माझी परीक्षा बघतायत. मीच तो लॉटमध्ये मुद्दाम सोडलेला खराब पीस. मधल्या वारी काही कामाने सांगवीला जावं लागलं, तर मी सगळा वेळ त्यांच्या भिंतीवरच्या घड्याळाशी बोललो.

रविवार आला. परीक्षा आता फक्त सानियाची राहिली होती, तरी त्या दिवशी ऋतुजा म्हणाली, "अप्पा, आज मी करून दाखवते. वाईट बातमीची खोली. सानियाला बघू दे."

साडूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ते सोफ्यावर जाऊन बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पेशंट झाले.

तिने खुर्ची जवळ ओढली. फोन बंद केला. नाव विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी 'कशापायी' न म्हणता नाव सांगितलं. सानियाने चमकून माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्यासोबत कुणी आहे का? कुणाला बोलवायचंय?"

"बायको आत हाय. ऱ्हाऊ दे. तिला मागनं सांगू."

"तुम्हाला आतापर्यंत काय काय माहीत आहे?"

साडूंनी एकदा आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग अगदी पेशंटच्याच आवाजात म्हणाले, "डॉक्टर, मला कुनी काय सांगितलं न्हाई. पन माजी पोरगी कधी स्वैपाकघरात पाऊल टाकत न्हवती, ती आठ दिस झालं आईकडनं पिठलं शिकतीया. आन् माजं साडू हायेत, ते माज्या डोळ्यात बघंनात." इथे माझ्या हातातला चमचा ताटावर किणकिणला. "म्हनून वाटतंय, ह्या टायमाला दुखनं खरं हाय."

ऋतुजाने नियमाप्रमाणे साध्या शब्दांत सांगितलं. नोकरी लागली. गावाचं नाव सांगितलं. आणि नियमाप्रमाणे गप्प बसायला गेली, पण ते तिला जमलं नाही. बंद केलेला फोन ती हातात उलटासुलटा करायला लागली.

"किती दिस हायेत, डॉक्टर?"

"पुढचा महिना, अप्पा."

"आन् ह्याच्यावर इलाज?"

तिने नुसती मान हलवली आणि ती रडायला लागली. अगदी लहानपणी रडायची तशी, नाक वर ओढत. साडूंनी खिशातून रुमाल काढला, तो स्वच्छ आहे का हे दोन्ही बाजूंनी तपासलं आणि तिच्या हातात दिला. "आवं डॉक्टर," ते म्हणाले, "रडायचं पेशंटनं आसतंय. तुमी रडलात तर मार्क जात्याल." मग माझ्याकडे वळून, "पाव्हणं, टाइम कवाच झाला. वाजवा की." मी वाजवलं. ते स्वयंपाकघरातल्या आक्कालासुद्धा ऐकू गेलं नसेल.

ते भांडले नाहीत. "जा," असंही म्हणाले नाहीत. ती जाईपर्यंत त्यांनी प्रत्येक वस्तूवर संशय घेतला, बॅगेच्या चाकांवर, तिथल्या थंडीवर, विमानातल्या जेवणावर, आणि तेवढ्यावर घर कसंबसं तरून गेलं. विमानतळावर आत जाणाऱ्या पोरीकडे पाठ करून ते, पार्किंगवाल्याने आपल्याला मुद्दाम लांबची जागा दिली, हे मला समजावत होते. मीही मन लावून ऐकत होतो.

ऋतुजा गेली तरी रविवार बंद झाले नाहीत. सानियाची परीक्षा आहे ना, असं साडूच म्हणाले. कारखान्यात रविवारीही ओव्हरटाइम चालू असल्यामुळे मध्यंतरी मला जायला जमलं नाही, तर परवा सानियाचा मला फोन आला. आवाज जरा अडखळतच होता.

"काका, एक सांगायचं होतं. ऋतुजाच्या अप्पांना सांगू नका. पण त्यांच्यासोबत आता माझा सराव होत नाही."

"का गं? फार त्रास देतात का?"

"नाही ना, तेच तर! काही लपवतच नाहीत आता. नाव विचारलं की नाव सांगतात, वय सांगतात, औषधं सगळी सांगतात. आणि शेवटी आम्ही विचारतो ना, आणखी काही काळजी आहे का म्हणून? गुडघा दुखत असू दे नाहीतर खोकला असू दे, उत्तर एकच. म्हणतात, पोरगी लांब हाय. परीक्षेत असा पेशंट आला, तर काय म्हणायचं काका? ह्याचं पुस्तकात काहीच दिलेलं नाही."

मी म्हणालो, "काही म्हणू नकोस बाई. घंटा होईपर्यंत जवळ बसून राहा."